कुणालीताईचा उंचवटा

आमच्या गावात कुणाली भेरे नेमकं काय काम करते हे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. धोंडीबाई सांगते, मुंबईला बर्फाच्या कारखान्यात मोठी साहेबीण आहे. देवराम रिक्षावाला सांगतो, चुंबकाचं काहीतरी असतंय, मिलिटरीचं असणार, म्हणून बोलत नाय. आणि तिची आई, म्हणजे माझी जनाकाकू, एवढंच म्हणते, "शिकते अजून." हे म्हणताना तिचा आवाज असा लागतो की पुढे लग्नाचं विचारायची कुणाची छाती होत नाही.

तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. ती माझी चुलत बहीण, मी तिला ताय म्हणतो. आटगाव स्टेशनापासून आत आमचं गाव. तिचे वडील जयरामकाका भातसा धरणावर नोकरीला, पाण्याची पातळी वाचायचं काम. कामाचा आठवडा असला की मुक्काम भातसानगरच्या क्वार्टरमध्ये, नसला की घरी भाताच्या खाचरात. ताय गावच्या शाळेत शिकली, मग शहापूरच्या कॉलेजात, मग मुंबईला, आणि तिथल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत पीएचडीला लागली. तिच्यामागून काही वर्षांनी त्याच कॉलेजात मीही फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं. बाकं तीच होती. बाकं तीच असली म्हणून निकाल तेच येत नाहीत. मी आता शहापुरात डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान चालवतो. पण निम्मं फिजिक्स डोक्यात उरल्यामुळे गावात तिचं बोलणं निम्मं कळणारा मी एकटाच, आणि म्हणून ती मला सांगायची.

तर तिचं काम असं. झिर्कोनियम आणि टेल्युरियम नावाचे दोन पदार्थ काचेसारख्या नळीत हवा काढून बंद करायचे आणि भट्टीत ठेवायचे. नळीचं एक टोक जास्त तापवायचं, दुसरं कमी. बऱ्याच दिवसांनी थंड टोकाला काळे चमकदार केस उगवतात. भाताच्या लोंबीवर कुसं असतात, तेवढे बारीक. हे तिचे स्फटिक. त्यांना टोपोलॉजिकल सेमीमेटल म्हणतात. म्हणजे धड धातू नाही आणि धड बिनधातूही नाही. त्यातले इलेक्ट्रॉन, तिच्या भाषेत, गुराच्या दाव्याला टोकाला टोक बांधून गाठ मारावी तसे अडकलेले असतात. दावं कितीही ओढा, पिळा, गाठ सुटत नाही, कापल्याशिवाय. मी विचारलं, मग ती गाठ दिसते का. म्हणाली, "दिसत नाय. म्हणून तर मोजतो."

टेल्युरियमची एक खोड आहे. थोडंसं जरी अंगात गेलं तरी माणसाच्या श्वासाला लसणाचा वास येतो, आणि तो दिवसेंदिवस जात नाही. सुरुवातीला एकदा ती श्रावणात सोमवारची घरी आली. काकूचा उपास. काकूने तिला जवळ घेतलं आणि तशीच लांब केली.

"आज सोमवारी लसूण खाऊन आलीस?"

"खाल्ली नाय गो आई. पावडर भरताना गेली असंल नाकात."

"न खाता वास येतो असलं कसलं गो काम?"

त्यानंतर ती हातमोजे लावलेल्या बंद पेटीत पावडर भरायला लागली. संस्थेत याबद्दल तिला बोलणी बसली होती. ती आईच्या बोलण्यापुढे काहीच नव्हती.

स्फटिक उगवला की खरं काम सुरू. त्याचं एक टोक तांब्याच्या ठोकळ्याला चिकटवायचं, दुसऱ्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा हीटर. केसापेक्षा बारीक सोन्याच्या तारा चांदीच्या रंगाने डकवायच्या. मग सगळं द्रव हेलियममध्ये बुडवायचं, जिथं थंडी अशी की त्यापुढे थोडीच थंडी जगात शिल्लक राहते. एका टोकाने ऊब दिली की स्फटिकात आपोआप विजेचा दाब तयार होतो. किती वीज, ते मोजायचं. मग भोवती मोठं चुंबक लावायचं आणि बघायचं की वीज वाढते का घटते.

ऊब स्फटिकातून जाते ती बरीचशी अणूंच्या थरथरीवर बसून. ही थरथर जाता जाता इलेक्ट्रॉनांनाही ढकलत नेते. मला ते कळेना, तेव्हा ती म्हणाली, "कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिन लावतात ना, घाट चढवायला? थरथर म्हणजे ते बँकर. गाडी स्वतःच्या इंजिनाने जाते तेवढी जाते, वरचं ढकलणं बँकरचं." तिचा प्रश्न एवढाच होता, की चुंबक लावलं की हे मागचं ढकलणं बदलतं का.

आणि तिला उत्तर सापडलं होतं. चुंबक वाढवत नेलं की सुरुवातीलाच आलेखातल्या त्या विजेच्या रेघेवर एक उंचवटा यायचा. गोल, नीट, माहुलीच्या डोंगराला घासून पुसून ठेवल्यासारखा. तीन वेगवेगळ्या स्फटिकांवर आला. तिच्या सरांनी, पाध्ये सरांनी, तो कागदावर छापून खोलीच्या दारावर लावला. चुंबकात बँकरचं ढकलणं वाढतं, असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि त्यावरचा लेख एका मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला. त्या लेखाच्या जोरावर जर्मनीतल्या एका गटाने तिला दोन वर्षांसाठी बोलावलं. पीएचडी संपली की निघायचं.

इथं आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आमच्याकडे म्हण म्हणून कोणी वापरत नाही, पत्ता सांगितल्यासारखी वापरतात. वैशाखात विहिरीला तळ लागतो. झरा येतो तो हाताच्या अंगठ्याएवढा. बाया रांगेने बसतात आणि एकेक जण खाली उतरून वाटीने हंडा भरते. त्यात नियम असा, की आपला हंडा भरत आला तरी खाली साचलेलं पाणी खरवडून न्यायचं नाही. मागून येणारीला वाटी बुडेल एवढा तळ ठेवून वर यायचं. याला म्हणतात मागलीचा तळ. ज्या बाईने तळ ठेवला नाही तिला कोणी शिव्या देत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तिला दोर धरायला कोणाचा हात मोकळा नसतो. ताय दप्तर बाजूला ठेवून त्या विहिरीत उतरलेली पोर. तळ ठेवणं तिच्या हाडात आहे.

हेलियम हा संस्थेतला झरा. ते बाहेरून येतं, महाग येतं, आणि मोठ्या थर्मासासारख्या कॅनमधून पाळीपाळीने मिळतं. एकाचं काम झालं की उरलेलं पुढच्याला. बाकीची पोरं कॅन कोरडा ठणठणीत करून द्यायची. कुणाली भेरेच्या मागे ज्याची पाळी, तो नशीबवान. तिच्या कॅनमध्ये नेहमी काहीतरी असायचंच. पाध्ये सर मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगायचे, "भेरेकडून शिका."

आता चुंबकाच्या मोजमापात एक साधा नियम आहे. स्फटिकाला तारा डकवताना त्या अगदी एका रेषेत येत नाहीत. एक तार जरा डाव्या कडेला जाते, एक उजव्या. मग लांबीची वीज मोजताना रुंदीची वीजही थोडी त्यात मिसळते, आणि चुंबकात या स्फटिकांची रुंदीची वीज फार मोठी असते. ती भेसळ काढायला एकच उपाय: चुंबक सुलट लावून मोजायचं, मग उलट करून तेच सगळं पुन्हा मोजायचं. भेसळ उलटी होते, खरं तसंच राहतं. दोन्ही मिळवून निम्मं केलं की भेसळ आपोआप मरते. हे तायला पाठ होतं. पहिल्या स्फटिकावर तिने कमी थंडीत उलट-सुलट दोन्ही केलं. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या, कारण कमी थंडीत ती भेसळ दिसण्याएवढी नसतेच. तारा चांगल्या डकल्यात, असं तिने ठरवलं. आणि पुढे सगळ्यात जास्त थंडीत, जिथं हेलियम सगळ्यात जास्त उडतं, तिथं तिने फक्त सुलट मोजलं. पुढच्या स्फटिकांवरही फक्त सुलट. उलट मोजायचं हेलियम मागच्याला ठेवलं.

जर्मनीचं ठरल्यावर जयरामकाकांनी धरणावर पेढे वाटले. साहेबापासून शिपायापर्यंत. मग गावाने सत्कार ठरवला, येत्या रविवारी, मारुतीच्या देवळासमोर. फ्लेक्स अर्थातच माझ्या दुकानात. वर तायचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे फोटो, आणि शुभेच्छुक एवढे वाढले की तायचा फोटो मला तीनदा लहान करावा लागला. काका दुकानात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चुंबकाचं काय टाकलंस का नाय?" मी घोड्याच्या नालाचं लाल चुंबक टाकलं. तिच्या चुंबकाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, पण काकांना बरं वाटलं.

त्याच आठवड्यात रेश्माला खड्डा दिसला.

रेश्मा देसले मुरबाडची. तायच्या मागून दोन वर्षांनी त्याच लॅबमध्ये आली. ताय गेल्यावर तिचं काम रेश्माने पुढे न्यायचं होतं, म्हणून तायने आपलाच एक स्फटिक, तारा डकवलेला, जसाच्या तसा तिला शिकायला दिला, आणि हेलियम पण दिलं, आपल्या कॅनमधलं उरलेलं. रेश्माने तो स्फटिक चिकटवलेली पट्टी स्क्रूने बसवली, खाली सोडली, चुंबक चढवलं. उंचवटा यायचा तिथं खड्डा आला. तेवढाच गोल, तेवढाच नीट, खाली तोंड करून.

तिने सरांना दाखवलं. सर घाईत होते. पट्टी बाहेर काढून बघितली तर ती पालथी बसवलेली.

"पट्टीवर खूण असते ना?" सर म्हणाले. "सुलटं-उलटं बघायला शिका आधी. हेलियम काय नळाला येतं का?"

रेश्मा रडकुंडीला येऊन तायकडे गेली. "ताई, मी उलटी लावली पट्टी. तुझं हेलियम वाया घालवलं."

तायने आलेख बघितला. रेश्मा सांगते, की तिने तो उलटा करून पुन्हा बघितला. मग म्हणाली, "वाया नाय गेलं."

शुक्रवारी दुपारी ताय स्टेशनावरून घरी न जाता थेट माझ्या दुकानात आली.

"फ्लेक्स थांबव."

"कालच लागला. नाक्यावर."

"मग काढ."

मला वाटलं फोटो आवडला नाही. तिने माझ्या बिलाच्या मागे पेनने दोन रेघा काढल्या, एक डोंगर, एक खड्डा. "पट्टी पालथी केली म्हणजे चुंबक उलटं केल्यासारखंच. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. "उंचवटा खरा असता तर उलट्यातही उंचवटाच आला असता. खड्डा आला. मिळवून निम्मं कर." मी मनात मिळवलं. काही उरेना. माझं निम्मं फिजिक्स त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण कामाला आलं, आणि आलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"म्हणजे सगळी भेसळ?"

"बहुतेक. माझ्याच तारांची. हात एकच, तार दरवेळी त्याच कडेला जाते."

काकांचा कामाचा आठवडा होता. बाईकवरून आम्ही भातसानगरला गेलो. काका क्वार्टरच्या पायरीवर बसून वाटाणे सोलत होते. तिने त्यांना सगळं सांगितलं, अगदी तारांपासून. काकांनी ऐकून घेतलं. सोलायचं थांबवलं नाही.

"हे कोणाला कळलंय?"

"अजून नाय कोणाला."

"त्या मुरबाडच्या पोरीला?"

"तिला वाटतंय तिची चूक. सरांना पण तसंच वाटतंय."

काकांनी एक शेंग हातात धरली. "मंग तिला सरळ लावायला सांग. सरळ लावल्यावर येईल ना तुझा तो उंचवटा?"

"येईल."

"दरवेळी?"

"दरवेळी येईल, बाबा."

"मंग झालं की."

ताय त्यांच्याकडे बघत उभी राहिली. काकांनी वर बघितलं. मला आजही वाटतं की त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं आणि त्यांनी ते कळून घेतलं नाही.

"मी साहेबाला पेढे दिलेत," ते म्हणाले. "हितं रोज पातळी लिवतो मी. साहेब बोलला, जयराम, तुझी पोरगी तुझ्यापेक्षा बारीक मोजते."

"बाबा, ती रेश्मा बोलणी खाऊन बसलीय."

"खाऊ दे की. शिकायला आलीय ना? तू नाय खाल्लीस?" आणि मग आवाज खाली आणून, "एवढी वर्सं गो. लग्नाला नाय म्हणालीस, आमी कधी काय बोललो? तुझ्या आईला बायका काय काय बोलतात. एक जर्मनी बोलायला मिळालं व्हतं तिला."

ताय पायरीवर त्यांच्या शेजारी बसली आणि उरलेल्या शेंगा सोलायला लागली. शेंगा संपल्यावर काका उठले, पातळी बघायची वेळ झाली होती. जाताना म्हणाले, "रविवारचं रद्द व्हनार नाय. मंडप सांगितलाय. शाल घे आणि गप बस. सोमवारी काय ते कर."

रविवारी ती आली. साडी नेसून, गप्प बसायला. सरपंचांनी भाषण केलं, त्यात जर्मनी, चंद्र आणि आमच्या गावचा रस्ता एकाच वाक्यात आले. शाल घातली, नारळ दिला. खाली बसतानाच तिच्या हातात माइक कोंबला गेला, कारण सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलायचेच, अशी पद्धत. तिने माइक परत करायचा प्रयत्न केला. मग बोलली.

"माझी मोजण्यात चूक झालीय. मला गुरुवारीच कळलं. जर्मनीचं आता बहुतेक होणार नाय. तुमी आलात, बरं वाटलं."

मंडपात कुजबुज झाली. धोंडीबाईने शेजारणीला विचारलं, आणि तिचं विचारणं माइकशिवाय सगळ्यांना ऐकू जातं, "म्हंजे नापास का गो?"

देवराम मागून म्हणाला, "चूक झाली तर दुरुस्त करायची, जायचं कशाला रद्द करायचं? मी रिक्षा उलटी घातली तर परमिट परत देऊ का?"

लोक हसले. सरपंचांनी माइक घेऊन सांगितलं की एवढा मोठेपणा आपल्या गावाच्याच लेकीत असू शकतो, आणि पोह्यांची वेळ झाली. कोणाला काही कळलं नव्हतं. जयरामकाकांना कळलं होतं. ते पोह्यांच्या ताटल्या वाटत फिरले, सगळ्यांना दिल्या, तायसमोर आले तेव्हा ताटली बाकावर ठेवली आणि पुढे गेले. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलेनासे झाले. भांडण नाही, काही नाही. ती फोन करायची, काका फोन काकूकडे द्यायचे.

सोमवारी तिने सरांना सांगितलं. सर वाईट माणूस नाहीत. दारावरच्या त्या कागदाकडे पाठ करून बसले.

"पहिल्या क्रिस्टलवर तू उलट केलं होतंस. मी बघितलंय."

"कमी थंडीत. शेवटपर्यंत नाही."

"बाकीच्यांवर का नाही?"

"हेलियम, सर."

"तुझ्याकडे तर नेहमी उरायचं."

"उरवायचे म्हणूनच."

सरांनी मान वळवून दारावरच्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, "मला ते उरलेलं बघून बरं वाटायचं. विचारायला हवं होतं मी." लेख थांबवायला त्यांनी त्याच दिवशी कळवलं असतं, पण आधी नीट मोजून बघणं भाग होतं. मनातल्या मनात मिळवून निम्मं केलेलं कोणी छापत नाही आणि मागेही घेत नाही. आणि बाहेरून आलेला हेलियम वायू द्रव करायचं यंत्र तेव्हा दुरुस्तीला बंद होतं. सगळ्या मजल्यावर एकच कॅन उरला होता. पाळी रेश्माची होती.

म्हणजे ज्या पोरीने हिच्यापायी बोलणी खाल्ली तिच्याकडेच जाऊन मागायचं, आणि मागायचं म्हणजे यंत्र सुरू होईपर्यंतचे तिचे पुढचे दोन-तीन महिने मागायचे. ताय गेली. आधी सांगितलं, चूक तुझी नव्हती. मग मागितलं.

रेश्मा मला हे सांगताना अजूनही थोडी तापते. "मला राग आला होता," ती म्हणते. "चार दिवस मी स्वतःला गाढव समजत होते. हिला गुरुवारीच कळलं होतं. सोमवारी सांगतेय."

"का नाय सांगितलंस गो ताई, त्याच दिवशी?" तिने विचारलं होतं.

"बाबांना आधी सांगायचं होतं," ताय म्हणाली. "आणि धीर नव्हता."

मुरबाडलाही वैशाखात विहिरी तळ गाठतात. रेश्माने कॅन दिला, पण एका अटीवर. "खाली काय ठेवायचं नाय. माझ्यासाठी पण नाय. सगळं वापर."

दोघींनी मिळून पट्टी बसवली. सुलट. उंचवटा आला, नेहमीसारखा देखणा. मग चुंबक शून्यावर आणून उलटं चढवलं. खड्डा. ते तर ठाऊकच होतं. मग अजून थंड, अजून एकदा सुलट, अजून एकदा उलट. हेलियमची सुई खाली जात होती आणि ताय, रेश्मा म्हणते, दर थोड्या वेळाने सवयीने बंद करायच्या बटणाकडे हात नेत होती आणि परत घेत होती. सुई तळाला टेकेपर्यंत त्यांनी मोजलं. मग कॉम्प्युटरवर दोन्ही मिळवून निम्मं केलं. लावणीआधी चिखलणी करून खाचरात पाणी धरावं तशी सपाट रेघ. चुंबकाने थरथरीच्या ढकलण्यात काहीही फरक पडत नव्हता, निदान त्यांना दिसेल असा. वजा करून बघितलं तर रुंदीची वीज मात्र खरी होती आणि भरपूर होती. पण ती दुसऱ्यांनी आधीच मोजून छापलेली होती.

लेख मागे घेतला. सरांनी कारण लिहिलं त्यात "नंतरच्या मोजमापांत विसंगती आढळली" असं गुळगुळीत वाक्य होतं. तायने ते खोडून चुंबक एकाच दिशेने लावून मोजलं होतं असं लिहायला लावलं, आणि विसंगती रेश्मा देसले हिच्या मोजमापात दिसली, असंही. जर्मनीला तिने स्वतः कळवलं. त्यांचं उत्तर आलं, फार चांगल्या शब्दांत. तुमचा प्रामाणिकपणा आम्हाला मोलाचा वाटतो वगैरे. जागा दुसऱ्याला गेली. नाही म्हणायची त्यांची पद्धत आमच्या भावकीपेक्षा बरी आहे, एवढंच. फ्लेक्स मी उतरवला. शुभेच्छुकांपैकी दोघांनी आपापले फोटो कापून मागून नेले.

ते उरलेलं वर्ष वाईट गेलं. संस्थेची मुदत संपली, शिष्यवृत्ती संपली. ती शनिवार-रविवार शहापुरात एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायची आणि बाकीचे दिवस लॅबमध्ये जाऊन प्रबंध लिहायची, ज्याच्यातून मधला सगळ्यात चांगला भाग काढून टाकलेला होता. मी एकदा चिडवलं, "ताय, उंचवटा काढल्यावर तुझा प्रबंध पण सपाट झाला असंल." ती हसली नाही. मी परत चिडवलं नाही. जनाकाकू आता कोणी विचारलं की नुसती मान हलवायची.

या वर्षी तिची तोंडी परीक्षा झाली. ही परीक्षा उघडी असते, कोणीही येऊन मागे बसावं. मी गेलो. दाराशी जयरामकाका उभे होते, धरणावर सणाला घालतात तो शर्ट घालून. कोणी बोलावलं होतं, रजा कशी घेतली, मी विचारलं नाही. आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. तासभर ते पडद्याकडे बघत होते आणि इंग्रजी चाललं होतं.

शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की एक प्रकरण फक्त एका चुकीबद्दल आहे, ते जरा दाखवा. तायने दोन्ही रेघा पडद्यावर लावल्या, वर एक, खाली एक. आणि मग दोन्ही मिळवून निम्मं केलेली, मधली. परीक्षकांनी विचारलं, ही चूक कोणाला सापडली. तिने रेश्माचं नाव घेतलं. रेश्मा पहिल्या रांगेत बसली होती, तिने मान खाली घातली. आणखी दोन-चार प्रश्न झाले, परीक्षकांनी सह्या केल्या, टाळ्या झाल्या.

बाहेर चहा होता. काका कप घेऊन कोपऱ्यात उभे राहिले. ताय त्यांच्याजवळ आली आणि तिथंच थांबली, कारण एवढ्या महिन्यांनी त्यांच्याशी सुरुवात कशी करायची हे तिला सुचत नव्हतं.

"पास ना?" काकांनी विचारलं.

"हो."

"मंग जर्मनी?"

"नाय, बाबा. ते गेलं. आता इथंच कुठंतरी बघते."

काकांनी चहाचा घोट घेतला. "तो वरचा व्हता तोच ना? ज्याचे पेढे वाटले?"

"तोच."

"मी कधी बघितलाच नव्हता." ते दाराकडे बघत होते, आतला पडदा आता बंद झाला होता. "दिसायला चांगला व्हता गो."

"लय चांगला व्हता," ताय म्हणाली, आणि कप खिडकीत ठेवून तिने तोंड भिंतीकडे वळवलं. काका तिच्या आणि लोकांच्या मधे सरकून उभे राहिले, आणि मला हाताने खूण केली, की तू तिकडं हो.